गुणगौरवाच्या फलकावर आमची लेकरे कुठे आहेत?

तळेगावहून चाकणच्या दिशेने निघावे. इंदोरी, सुदवडी मागे टाकून सुदुंबऱ्याच्या फाट्यापर्यंत जावे आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे फलक वाचावेत. बंगल्याच्या प्लॉटचे फलक, गृहप्रकल्पांचे फलक, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक आणि या सर्वांच्या मधोमध शाळांचे फलक. या पट्ट्यात जमिनीचा भाव वाढला तसा शाळांच्या नावापुढे 'इंटरनॅशनल' हा शब्द वाढला. शाळेच्या फलकावर काय असते? घोड्यावर बसलेला मुलगा असतो. हातात यंत्रमानव घेतलेली मुलगी असते. स्केटिंग, तायक्वांदो, जलतरण, ऑलिम्पियाड, वक्तृत्व, परदेशातील सहल आणि शेवटी पदकांसह रांगेत उभी असलेली मुले असतात. खाली लिहिलेले असते, 'आमचे यशवंत'.

मुलांच्या यशाचा आम्हाला राग नाही. कोणाचेही लेकरू पदक घेऊन घरी येत असेल तर त्याच्या पाठीवर थाप मारली पाहिजे. परंतु हे फलक वाचताना आमच्या मनात एक सवाल उभा राहतो आणि तो आम्ही या स्तंभातून समाजासमोर ठेवत आहोत. शिक्षण हक्क कायद्याने याच शाळांमध्ये पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांसाठी ठेवलेल्या आहेत. मग त्या पंचवीस टक्क्यांतील मुले या फलकावर का दिसत नाहीत? चार मुलांत एक मूल आमचे असले पाहिजे. पदकांच्या रांगेत, नाटकात, सहलीच्या बसमध्ये आणि घोड्यावर ते चौथे मूल कुठे जाते?

सुदुंबरे हे काही साधे गाव नव्हे. संत संताजी जगनाडे महाराजांची समाधी याच गावात आहे. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांतील हा तेली समाजातील पुरुष. तुकोबांचे अभंग त्याने आपल्या हाताने उतरवून ठेवले. ज्या व्यवस्थेने शूद्राला लिहिण्याचा अधिकार नाकारला, त्या व्यवस्थेच्या नाकावर टिच्चून घाणा चालवणाऱ्या घरातील माणसाने लेखणी धरली, म्हणून आज गाथा आपल्या हातात आहे. २००९ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. थोडे पुढे देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्वतः प्रतिष्ठापना केली. तळेगाव दाभाड्यात बाबासाहेबांचा बंगला आहे. नाकारलेल्यांनी अक्षर मिळवल्याचा असा वारसा या मावळच्या मातीत आहे. त्याच मातीत आज शिक्षणाची नवी उतरंड रचली जात असेल तर गप्प बसणे हा अपराध ठरेल.

एक प्रसंग सांगतो. शाळेचे, गावाचे आणि कुटुंबाचे नाव देत नाही, कारण त्या मुलीला अजून त्याच शाळेत शिकायचे आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कार्यालयात एक भगिनी आल्या. पती कारखान्यात कंत्राटी कामगार, स्वतः एका कँटीनमध्ये पोळ्या करतात. मुलगी तिसरीत. पंचवीस टक्क्यांच्या सोडतीत नंबर लागला तेव्हा या माउलीने वस्तीत पेढे वाटले होते. त्यांनी पिशवीतून शाळेचे परिपत्रक काढून आमच्या टेबलावर ठेवले. वार्षिक स्नेहसंमेलनात भाग घ्यायचा असेल तर पोशाख, नृत्यदिग्दर्शक आणि 'इव्हेंट'चा खर्च म्हणून काही हजार रुपये आठ दिवसांत भरावेत, असे त्यात होते. न भरणाऱ्यांचे काय, हे परिपत्रकात लिहिलेले नव्हते. ते मुलीने घरी येऊन सांगितले होते. तालमीच्या वेळी वर्गातील बाकी मुले सभागृहात जातात आणि ही व आणखी चार मुले वर्गात बसून चित्रे रंगवतात.

आम्ही विचारले, "ताई, तुम्ही बाईंना भेटलात का?"

त्या म्हणाल्या, "भेटले ना दादा. बाई म्हणाल्या, तुम्हाला फी माफ आहे, आता हे पण फुकट कसं मिळेल? मी काही बोलले नाही. पण पोरगी रोज विचारती, मम्मी, मी नीट नाचत नाही का?"

या एका वाक्यासाठी हा लेख लिहीत आहोत. पैसे कमी पडले ही गोष्ट आठ वर्षांच्या मुलीला कळत नाही. तिला एवढेच कळते की सगळे गेले आणि मी राहिले. कारण शोधताना ते लेकरू स्वतःमध्ये खोट शोधते. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसले. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये ते फळ्याकडे निघाले की वर्गातील मुलांनी फळ्यामागे ठेवलेले आपले डबे घाईघाईने उचलले. त्या मुलांना आपण काही वाईट करतो आहोत असे वाटलेही नसेल. आजच्या वातानुकूलित वर्गात गोणपाट नाही आणि फळ्यामागे डबेही नाहीत. तालमीला गेलेला वर्ग आणि मागे उरलेली पाच मुले मात्र आहेत. जात कोणी विचारली नाही, फक्त पावती विचारली. पण मागे उरलेल्या पाच मुलांची यादी काढली तर ती कोणत्या वस्तीत जाऊन थांबते, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

आमचेच काही बांधव यावर म्हणतात, 'जाऊ द्या हो, शिक्षण मिळतेय ना? नाचगाण्यावाचून काय अडले?' हा विचार आम्हाला धोक्याचा वाटतो. गणित आणि विज्ञान सगळीकडे तेच आहे. ज्या शाळा वर्षाला लाख-दीड लाख रुपये फी घेतात त्या काही निराळा पाढा शिकवत नाहीत. पैसेवाला पालक तिथे दुसरीच गोष्ट विकत घेतो. चारशे लोकांसमोर उभे राहून बोलण्याची सवय, पराभव पचवून पुन्हा मैदानात उतरण्याची सवय, गटाचे नेतृत्व करण्याची सवय, अनोळखी माणसाशी डोळ्याला डोळा भिडवून बोलण्याची सवय, या गोष्टी त्याला हव्या असतात. त्या पाठ्यपुस्तकात नसतात. त्या मंचावर, मैदानावर आणि सहलीत येतात. पुढे मुलाखतीत 'व्यक्तिमत्त्व' म्हणून जे तपासले जाते ते हेच. आमचा मुलगा लेखी परीक्षेत पुढे असतो आणि तोंडी परीक्षेत मागे पडतो, असे आपण वर्षानुवर्षे ऐकतो. ते मागे पडणे तिसरीच्या वर्गात, तालमीच्या वेळी सुरू झालेले असते.

आम्ही स्वतः न्यायालयात उभे राहून बोलू शकतो ते कायद्याच्या पदवीमुळे नव्हे. वस्तीतल्या १४ एप्रिलच्या मंचावर वयाच्या नवव्या वर्षी पाय लटपटत असताना पाच मिनिटे बोललो होतो. भाषण विसरलो. समोरच्या आजीबाई म्हणाल्या, "बोल बाळा, थांबू नको." त्या मंचाने आम्हाला वकील केले.

आंबेडकरी चळवळीला ही गोष्ट नवी नाही. फुले दांपत्याच्या प्रेरणेने पुण्यात उभ्या राहिलेल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. विद्यार्थ्यांचे यश म्हणून आज जे मिरवले जाते त्याची आमच्या समाजातील पहिली नोंद पाहायची असेल तर ती ही आहे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा समाजाने सभा भरवून त्यांचा सत्कार केला. अध्यक्षस्थानी सी. के. बोले होते आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपले लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती ठेवले. तो एक गुणगौरव समारंभच होता. त्या समारंभात हाती आलेल्या पुस्तकाची वाट १९५६ च्या दीक्षाभूमीपर्यंत गेली. म्हणून विद्यार्थ्याचा सत्कार ही हारतुऱ्याची बाब आहे असे आम्ही मानत नाही.

पुढे बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे आणि देशाचे कायदामंत्री असलेल्या बाबासाहेबांनी १९५० साली त्या संसदेपुढे हिंदू कोड बिलावर भाषण केले. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि ते विद्यार्थ्यांनी रंगमंचावर आणले. पुढची दलित रंगभूमी, दलित साहित्य, नियतकालिके, विद्यार्थी चळवळ यांची मुळे शोधत गेलो तर आपण परीक्षेच्या निकालपत्रापाशी पोहोचत नाही. आपण स्नेहसंमेलन, भित्तिपत्रक, वादविवाद मंडळ आणि वसतिगृहातील रात्रीच्या गप्पांपाशी पोहोचतो. ज्याला आज 'अभ्यासेतर' म्हणतात, त्यातूनच चळवळ उभी राहिली.

खेळाचेही तेच. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील क्रिकेटपटू पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखत आणि त्यांना नेटमध्ये गोलंदाजी करत करत मोठे झाले. पुण्याच्या हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहाच्या वेळी त्यांना मैदानाबाहेर वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूंनी शंभरहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. मैदानावर उतरू देणे आणि माणूस म्हणून सामावून घेणे यांत किती अंतर असते, हे याच पुण्याने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. प्रवेश दिला म्हणजे संपले, असे सांगणाऱ्या संस्थाचालकांनी बाळूंचे चरित्र वाचावे.

आता कायद्याचे बोलू. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क आले आणि शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२(१)(ग) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या टप्प्यावर किमान पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांना द्यायच्या आहेत. संस्थाचालक सर्वोच्च न्यायालयात गेले. १२ एप्रिल २०१२ रोजी न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना तेवढे वगळले आणि २०१४ च्या प्रमती निकालाने सर्वच अल्पसंख्याक शाळांना कायद्याबाहेर ठेवले. त्या निकालाच्या अचूकतेविषयी सर्वोच्च न्यायालयाच्याच खंडपीठाने सप्टेंबर २०२५ मध्ये शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवला, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्रात काय झाले? ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलले. शासकीय किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खासगी शाळांना पंचवीस टक्क्यांतून सूट दिली. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा नाही असा किलोमीटर शोधावा लागेल. म्हणजे एका अधिसूचनेने बहुतेक इंटरनॅशनल शाळांची दारे आमच्या लेकरांना बंद झाली. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द ठरवला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. ही लढाई पालक आणि कार्यकर्ते लढले. मोर्चे निघाले नाहीत, मोठे पुढारी दिसले नाहीत, तरी ती जिंकली गेली. दार उघडे राहिले. आता प्रश्न दाराच्या आतला आहे.

आतला कायदाही स्पष्ट आहे. केंद्राने २०१० साली केलेले नियम सांगतात की या मुलांना वर्गात वेगळे बसवायचे नाही, त्यांचे वर्ग वेगळ्या ठिकाणी वा वेगळ्या वेळी भरवायचे नाहीत आणि पाठ्यपुस्तके, गणवेश, ग्रंथालय, संगणक सुविधा, अभ्यासेतर उपक्रम व खेळ यांत कोणताही भेदभाव करायचा नाही. वाचकांनी पुन्हा वाचावे. अभ्यासेतर उपक्रम आणि खेळ हे शब्द नियमातच आहेत. शाळेचा वकील म्हणेल की हा केंद्राचा नियम आहे, राज्याचे नियम वेगळे आहेत. ठीक आहे. पण मूळ कायद्याचे कलम ८ आणि ९ तर राज्य सरकारला व स्थानिक प्राधिकरणाला बांधील करते की वंचित व दुर्बल घटकांतील मुलाशी भेदभाव होऊ नये आणि कोणत्याही कारणाने त्याचे शिक्षण अडू नये. कलम ३ म्हणते की मुलाचे प्राथमिक शिक्षण पूर्ण होण्यात अडथळा येईल असे कोणतेही शुल्क वा खर्च त्याच्यावर लादता येणार नाही. कलम १७ मानसिक छळाला मनाई करते. सर्वांसमोर वर्गातून वेगळे काढून बसवणे हा मानसिक छळ नसेल तर मग मानसिक छळ म्हणजे काय, हे कोणीतरी आम्हाला समजावून सांगावे.

संस्थाचालकांची बाजूही आम्ही ऐकली आहे. ते म्हणतात, सरकार प्रतिपूर्तीची रक्कम वेळेवर देत नाही, देते ती आमच्या फीपेक्षा फार कमी असते आणि स्नेहसंमेलनाचा खर्च तर त्यात धरलेलाच नाही. यातले पहिले म्हणणे खरे आहे. सरकारकडे पैसे थकतात आणि त्याबद्दल सरकारला जाब विचारलाच पाहिजे. त्यासाठी संस्थाचालक मोर्चा काढणार असतील तर आम्हीही त्यांच्यासोबत चालू. परंतु सरकारने थकवलेले पैसे आठ वर्षांच्या मुलीकडून वसूल करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? शिवाय हिशेब तरी पाहा. भव्य रोषणाईचा मंच, बाहेरून आणलेला नृत्यदिग्दर्शक, प्रत्येक नाचाला नवा भाड्याचा पोशाख, ड्रोनने चित्रीकरण, हे सारे मुलांसाठी असते की पुढच्या वर्षीच्या प्रवेशाच्या जाहिरातीसाठी? जाहिरातीचा खर्च पालकांच्या खिशातून काढायचा आणि ज्याचा खिसा रिकामा त्याच्या मुलाला जाहिरातीतून वगळायचे, हा खाउजा धोरणाचा शाळेतला अवतार आहे. त्याच मुलांनी कागदाचे मुकुट करून, शाळेच्याच शिक्षकांकडून नाटक बसवून घेतले तर काही बिघडत नाही. उलट शिक्षण तिथेच होते.

आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. कायद्याचे संरक्षण वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. २०१२-१३ साली पहिलीत गेलेले मूल २०२०-२१ मध्ये नववीत आले आणि नेमक्या कोरोनाच्या काळात त्याच्या पालकांसमोर पूर्ण फीचा आकडा उभा राहिला. आठ वर्षे ज्या मित्रांत वाढला त्यांच्यातून मूल उठते आणि दुसरी शाळा शोधते. स्पर्धा, संघ, नेतृत्व यांची खरी फळे नववी-दहावीतच येतात. म्हणून ही सवलत बारावीपर्यंत वाढवा, ही मागणी आंबेडकरी चळवळीच्या जाहीरनाम्यात ठळकपणे आली पाहिजे. आजवर ती ठळक झाली नाही, ही आमचीही चूक आहे.

आता 'आंतरराष्ट्रीय' या शब्दाकडे येऊ. ज्या शाळेच्या नावात हा शब्द नाही, तिथल्या यशाचे काय? सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी बक्षिसाची अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. सुदुंबऱ्याच्या शेजारच्या खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेने दत्तात्रय वारे गुरुजींच्या नेतृत्वाखाली २०२५ साली जगातील सर्वोत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकमताचा पुरस्कार पटकावला. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातील शासकीय आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. तेलंगणाच्या निवासी शाळेतील मालावत पूर्णा ही आदिवासी मुलगी आणि आनंद कुमार हा दलित मुलगा तर २०१४ सालीच तिथे पोहोचले होते. या मुलांच्या पालकांनी एव्हरेस्टसाठी हप्ते भरले नव्हते. सरकारने आणि शिक्षकांनी मनावर घेतले, एवढेच. आणि गोणपाटावर बसणारा साताऱ्याचा विद्यार्थी १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेला, १९१६ साली तिथल्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला, त्याच्याहून मोठा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी या महाराष्ट्राने कोणता दिला?

म्हणून इंटरनॅशनल शाळेत पंचवीस टक्के मागताना जिल्हा परिषदेची शाळा वाऱ्यावर सोडणे आम्हाला मान्य नाही. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे पाऊल सरकारने २०२३ साली उचलले तेव्हा आमच्यातील किती जणांनी त्याला विरोध केला? आमची बहुसंख्य मुले आजही तिथेच आहेत. त्यांच्या मैदानाचे, वाद्यांचे, प्रयोगशाळेचे पैसे मागणे ही पहिली लढाई आहे आणि पंचवीस टक्क्यांतल्या मुलाला मंचावर उभे करणे ही दुसरी. एकीसाठी दुसरी सोडायची नाही.

थोडे स्वतःकडेही पाहू. आमच्यात आता अधिकारी आहेत, डॉक्टर आहेत, अभियंते आहेत. त्यांची मुले पूर्ण फी भरून याच शाळांत शिकतात, पदकेही मिळवतात. आनंद आहे. परंतु त्याच वर्गात पंचवीस टक्क्यांतून आलेले आपल्या वस्तीतील मूल मागे उरले तर पालकसभेत उठून बोलायला यांच्यातील किती जण तयार असतात? काहींना भीती वाटते की बोललो तर आपणही 'त्यातले' म्हणून ओळखले जाऊ. बाबासाहेबांच्या पुण्याईने मिळालेल्या खुर्चीवर बसून बाबासाहेबांचे नाव लपवणाऱ्यांना आम्ही काय सांगावे? आणि आमची विहारे? किती विहारांना रविवारच्या वंदनेनंतर कुलूप लागते? जयंतीला ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या करायला वर्गणी जमते, पण विहारात एक बुद्धिबळाचा संच, एक तबला, वक्तृत्वासाठी एक साधा माइक एवढेही नसते. शाळेला जाब विचारण्याचा आमचा हक्क त्यामुळे कमी होत नाही. पण जाब विचारणाऱ्याचे घर नीट असावे.

मग करायचे काय? पहिले म्हणजे, अशी रक्कम मागितली गेली तर पालकांनी तोंडी वाद घालू नये. परिपत्रक जपून ठेवावे आणि मुख्याध्यापकांना लेखी पत्र देऊन पोच घ्यावी. दुसरे, उत्तर आले नाही तर कायद्याच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करावी. सुनावणी देऊन तीन महिन्यांत निर्णय देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे आणि त्या निर्णयाविरुद्ध राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. यासाठी वकिलाची फी लागत नाही, साध्या कागदावर मराठीत लिहिले तरी चालते. तिसरे, २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. आपण फी भरत नसलो तरी आपण पालक आहोत आणि त्या संघाच्या सभेला जाणे हा आपला हक्क आहे. एकट्याने जाऊ नये, चौघांनी मिळून जावे. चौथे, प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी शाळांना माहिती विचारावी की पंचवीस टक्क्यांतील किती मुले यंदा स्नेहसंमेलनात, किती क्रीडा संघात आणि किती सहलीत होती. प्रवेशाची आकडेवारी सरकार ठेवते, सहभागाची कोणी विचारतच नाही. आणि पाचवे, प्रत्येक विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांच्या मंचासाठी राखून ठेवावी.

त्या मुलीचे काय झाले, असे वाचक विचारतील. आम्ही मुख्याध्यापकांना नोटीस पाठवली नाही, साधे पत्र पाठवले आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना दिली. चार दिवसांत शाळेतून फोन आला. पाचही मुलांना विनाशुल्क घेतो, पोशाखही शाळा देईल, असे सांगण्यात आले. आम्हाला वाटले, जिंकलो. दुसऱ्या दिवशी त्या भगिनींचा फोन आला. मुलगी जायला तयार नव्हती. नाच बसवून झाला होता, रांगा ठरल्या होत्या, तिला शेवटच्या रांगेत एका बाजूला उभे केले आणि तिला पावले येत नव्हती. "आता नको म्हणते दादा," एवढेच त्या बोलल्या. कायदा वेळेवर पोहोचला नाही तर तो असा हरतो.

३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या जयंतीला ती आमच्या वस्तीतल्या विहारात आली. पाच वाक्ये पाठ केली होती. चौथे विसरली. थांबली, आईकडे पाहिले आणि सरळ पाचवे वाक्य म्हणून टाकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिचा फोटो कोणत्याही फलकावर लागलेला नाही.

परंतु विहारातल्या टाळ्या म्हणजे शाळेतल्या हक्काची भरपाई नव्हे, हे आम्ही ठणकावून सांगतो. यंदाच्या तालमी सुरू होण्याआधी, दिवाळीच्या सुटीपूर्वीच प्रत्येक पालकाने आपले पत्र शाळेत पोहोचवावे. सभागृहाकडे निघालेल्या रांगेत पहिल्या दिवसापासून आपले लेकरू उभे असले पाहिजे.

जयभीम!